फ्लूची लस आणि कुत्रीच्या मूत्रपिंडातल्या पेशी

१९५८ साली मॅडिन आणि डार्बी या दोन अमेरिकी संशोधकांनी एका निरोगी कॉकर स्पॅनिअल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काही पेशी काढल्या आणि प्रयोगशाळेत वाढवायला घेतल्या. कुत्री केव्हाच गेली, तिच्या पेशींचा वंश मात्र अजून चालू आहे. मॅडिन-डार्बी यांच्या नावांवरून त्यांना एमडीसीके म्हणतात. जगभरातल्या फ्लू प्रयोगशाळांत रुग्णाच्या घशातला विषाणू वाढवून पाहायचा असला की याच पेशी वापरल्या जातात. अंड्यांऐवजी पेशींत विषाणू वाढवून केलेली जी फ्लूची लस आज बाजारात मिळते, तीही मुख्यतः यांच्यातच तयार होते.

कारखान्यात या पेशींकडून घेतलं जाणारं काम क्रूर वाटावं इतकं सरळ आहे. आधी त्यांना पोसायचं, पुरेशा झाल्या की विषाणूची लागण करायची, दोन-तीन दिवस थांबायचं आणि भोवतालच्या द्रवात साठलेला विषाणू गोळा करायचा. तोवर बहुतेक पेशी मेलेल्या असतात. एका पेशीमागे साधारण हजार ते दहा-वीस हजार विषाणूकण हाती लागतात. हा आकडा वाढला तर तेवढ्याच टाकीतून जास्त डोस निघतील. म्हणून गेली पंचवीसेक वर्षं जीवशास्त्रज्ञ आणि अभियंते मिळून एकाच प्रश्नामागे लागले आहेत: लागण झाल्यावर पेशीत काय काय होतं, आणि त्यातलं काय रोखलं तर उत्पन्न वाढेल?

पहिल्यांदा सुचलेली उत्तरं कोणालाही सुचतील अशीच होती. विषाणू बनवता बनवता पेशीची उपासमार होत असेल. पेशी विषाणूला विरोध करत असेल. पेशी फार लवकर मरत असेल. तिन्ही शक्यता तपासून झाल्या आहेत, आणि उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर माझं मत असं झालं आहे की तिन्ही ठिकाणी आपण बऱ्याच अंशी चुकीचं दार ठोठावत होतो. उत्पन्नाला लगाम बसतो तो पेशीच्या दुबळेपणामुळे कमी, आणि विषाणूच्या स्वतःच्या गबाळ्या कारभारामुळे जास्त.

मुळात पेशींकडे वळावं का लागलं, हे आधी थोडक्यात. माणसाचा फ्लूचा विषाणू १९३३ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वेगळा केला गेला. पुढच्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी तो कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवण्याची पद्धत बसवली. चाळीसच्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी याच पद्धतीनं लस बनली, आणि आजही जगातली बहुतांश फ्लू लस अंड्यांतूनच येते. ढोबळ हिशेब एका डोसाला एक अंडं. म्हणजे काही कोटी डोस हवे असतील तर काही कोटी फलित अंडी, तीही ठरलेल्या दिवशी, दहा-अकरा दिवसांची. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ बर्ड फ्लूनं माणसं दगावली तेव्हा या व्यवस्थेतली फट उघडी पडली. तो विषाणू अंड्यातल्या गर्भालाच मारून टाकतो, आणि साथ कोंबड्यांत असेल तर अंडी येणार कुठून? अमेरिकी सरकारनं २००६ साली पेशींवर आधारित लसीसाठी कंपन्यांना एक अब्ज डॉलरहून जास्त रकमेची कंत्राटं दिली ती याच धास्तीनं. युरोपात नोव्हार्टिसच्या ऑप्टाफ्लू या एमडीसीके लसीला २००७ साली परवानगी मिळाली. अमेरिकेत तीच लस फ्लुसेलव्हॅक्स या नावानं नोव्हेंबर २०१२ मध्ये आली.

आता पेशीच्या आत जाऊ. विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, त्याला सगळे एचए म्हणतात. ते पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटतं. पेशी त्या कणाला एका पिशवीत घेऊन आत ओढते, पिशवीतली आम्लता वाढते, एचए आपला आकार बदलतं आणि विषाणूचं आवरण पिशवीच्या आवरणात मिसळतं. आतले आरएनएचे आठ तुकडे पेशीकेंद्रकात जातात. आरएनए विषाणूंपैकी केंद्रकात शिरून काम करणारे थोडेच, फ्लू त्यांतला एक. तिथे तो पेशीच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएची टोकं कापून घेतो आणि आपल्या संदेशांना लावतो, म्हणजे पेशीची यंत्रणा ते संदेश आपलेच समजून वाचते. एकीकडे स्वतःचे संदेश वाढवायचे आणि दुसरीकडे पेशीचे बंद पाडायचे, असा दुहेरी उद्योग. लागणीनंतर पाच-सहा तासांतच नवे कण पेशीच्या वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडू लागतात. वरच्याच पृष्ठभागातून, हे मुद्दाम सांगतो, कारण एमडीसीके पेशींना वर-खाली अशी दिशा असते आणि विषाणू ती पाळतो.

इतकी उलथापालथ होत असताना पेशीचं पोषण कोलमडत असेल, असं कोणालाही वाटेल. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरात माक्स प्लांक संस्थेत उदो राईखल आणि इव्हॉन गेन्झल यांच्या गटानं या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. लागण झालेल्या आणि न झालेल्या एमडीसीके पेशी शेजारी शेजारी ठेवून, ठरावीक तासांनी त्यांच्यातली ग्लुकोज, लॅक्टेट, अमिनो आम्लं आणि ऊर्जावाहक रेणू मोजायचे, असं हे चिकाटीचं काम. २०१० साली त्यांनी जे मांडलं ते अनपेक्षित होतं. लागणीनंतरचे पहिले दहा-बारा तास दोन्ही पेशींत जवळपास काहीच फरक दिसत नाही. विषाणूच्या प्रती बनण्याचं सगळं जोमदार काम या काळात चालू असतं, तरी पेशीचा ताळेबंद तसाच राहतो. बारा तासांनंतर चित्र पालटतं. लागण झालेल्या पेशी जास्त ग्लुकोज ओढतात, जास्त लॅक्टेट बाहेर टाकतात, ग्लुकोज फोडण्याच्या साखळीतल्या वरच्या टप्प्यांवर माल साठू लागतो आणि एटीपीसारख्या रेणूंची पातळी खाली येते. पण तोवर पेशी मरणाच्या वाटेला लागलेली असते. संशोधकांचा निष्कर्ष असा की हे बदल बहुधा विषाणू बनवण्याच्या ओझ्यामुळे झालेले नसावेत, पेशीचा आत्मनाश सुरू झाल्याची ती खूण असावी.

हे पटायला साधं गणित पुरतं. फ्लूच्या एका कणाचं वजन साधारण २५ कोटी डाल्टन. दहा हजार कण म्हणजे चारेक पिकोग्रॅम. सस्तन प्राण्याच्या एका पेशीत नुसतं प्रथिनच शंभर ते काही शंभर पिकोग्रॅम असतं. म्हणजे मरेपर्यंत राबूनही पेशी आपल्यातल्या प्रथिनाच्या वजनाच्या एक ते चार टक्के एवढाच विषाणू बनवते. कच्चा माल कमी पडतो म्हणून पीक कमी येतं, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. माध्यमात आणखी ग्लुकोज, आणखी ग्लुटामिन ओतण्यानं फारसं काही साधणार नाही. उलट ग्लुटामिन जास्त झालं तर त्यातून सुटणारा अमोनियाच त्रास देतो. माग्देबुर्गच्याच गटानं ग्लुटामिनऐवजी पायरुव्हेट वापरून अमोनियाची कटकट कमी करता येते हेही दाखवलं होतं.

यावर एक पुरवणी जोडायला हवी. टाकीत पेशींची दाटी वाढवत नेली, सतत ताजं माध्यम देऊन मिलिलिटरमागे काही कोटींपर्यंत पेशी नेल्या, तर दरपेशी उत्पन्न पुष्कळदा घसरतं. तिथे पोषण, साचलेला कचरा, लागण करण्याची वेळ आणि माध्यम बदलण्याचा वेग या सगळ्यांचा संबंध येतो. पण ती अडचण टाकीची आहे, एकेकट्या पेशीची नव्हे. माध्यमाचा प्रवाह नीट सांभाळला तर ही घसरण टाळता येते, असंही दिसून आलं आहे.

दुसरा संशय पेशीच्या प्रतिकारावर होता, आणि या साऱ्या कथेतला मला सर्वांत रंगतदार वाटणारा भाग तो हाच. इंटरफेरॉनचा शोधच मुळी फ्लूच्या विषाणूवर काम करताना लागला. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना दिसलं की निकामी केलेल्या फ्लू विषाणूच्या सान्निध्यात आलेल्या कोंबडीच्या गर्भावरणातून असं काही बाहेर पडतं, जे इतर पेशींना विषाणूपासून वाचवतं. पुढे साठच्या दशकात याच लिंडेनमान यांना उंदरांची एक जात सापडली, जिला फ्लूचा काही उपद्रवच होत नसे. त्या प्रतिकाराचं मूळ एमएक्स नावाच्या प्रथिनात निघालं, जे इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर तयार होतं. म्हणजे पेशीकडे फ्लूविरुद्ध हत्यार आहे हे निश्चित. मग कारखान्यातल्या पेशीचं हत्यार काढून घेतलं तर?

क्लॉडियस सायट्झ आणि सहकाऱ्यांनी ते करून पाहिलं. इतर विषाणूंकडची, इंटरफेरॉनची यंत्रणा दाबणारी प्रथिनं त्यांनी एमडीसीके पेशींत घातली. इंटरफेरॉनची साखळी दबली, पण विषाणूचं उत्पन्न वाढलं नाही. कारण शोधताना असं आढळलं की कुत्र्याची एमएक्स प्रथिनं फ्लूच्या विषाणूला रोखतच नाहीत. धोक्याचा भोंगा वाजतो, शिपाई जमतात, पण त्यांच्या बंदुकांत गोळ्याच नसतात. १९५८ साली कोणी कुत्रीऐवजी दुसऱ्या प्राण्याचं मूत्रपिंड निवडलं असतं तर फ्लू लसीचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

याच गटानं २०१२ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली. फ्लूच्या विषाणूला दुसऱ्या पेशीत शिरण्याआधी आपलं एचए दोन तुकड्यांत कापून घ्यावं लागतं. माणसाच्या श्वासनलिकेत हे काम तिथली विकरं करतात. टाकीत ती नसतात, म्हणून बाहेरून ट्रिप्सिन घालतात. ट्रिप्सिनशिवाय लागण पहिल्या फेरीतच थांबते. (एच५एन१सारख्या जहाल बर्ड फ्लूला ट्रिप्सिन लागत नाही, त्याचं एचए जवळपास कुठल्याही पेशीतली विकरं कापू शकतात. तो इतका घातक असण्याचं हे एक मोठं कारण.) सायट्झ यांना दिसलं की हेच ट्रिप्सिन टाकीतल्या द्रवात उतरलेलं इंटरफेरॉनही तोडून टाकतं. वर्षानुवर्षं तंत्रज्ञ एचए कापायला म्हणून ट्रिप्सिन घालत होते आणि नकळत पेशींची तोंडंही बंद करत होते.

यावरून इंटरफेरॉन निरुपयोगी आहे असा अर्थ काढणं मात्र चुकीचं ठरेल. विषाणूचं एनएस१ हे प्रथिन पेशीचा प्रतिकार आधीच दाबत असतं. प्रयोगशाळेत एनएस१ काढून टाकलेला विषाणू तयार केला तर तो एमडीसीकेमध्ये नीट वाढत नाही, पण माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो पेशींत वाढतो, कारण व्हेरो पेशींमध्ये ठरावीक इंटरफेरॉन बनवणारी जनुकंच गळालेली आहेत. म्हणजे अभियंत्यांना जे करायचं होतं ते विषाणू आधीच करून बसला होता. त्याच जागी पुन्हा मेहनत घेऊन हाती काय लागणार?

तिसरा संशय मरणावर. फ्लूची लागण झालेली पेशी फुटून नव्हे, तर आत्मनाशाच्या ठरावीक मार्गानं, म्हणजे ॲपॉप्टोसिसनं मरते. तिचं डीएनए तुकड्यांत कापलं जातं, पृष्ठभागावर फुगे येतात, आणि पेशी मायक्रोकॅरिअरच्या मण्यांवर वाढवलेल्या असतील तर मण्यांवरून सुटून द्रवात तरंगू लागतात. विषाणूचं पीबी१-एफ२ हे चिमुकलं प्रथिन पेशीच्या ऊर्जाकेंद्रांवर घाव घालून या मरणाला हातभार लावतं, हे २००१ साली उजेडात आलं. मग मरण लांबवलं तर पेशी आणखी काही तास विषाणू बनवत राहील, हा तर्क बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात मरण रोखणारं बीसीएल-२ हे प्रथिन मुबलक असलेल्या एमडीसीके पेशींतून विषाणू कमीच मिळाला. २००३ साली जर्मन संशोधकांनी आत्मनाशाची कात्री, म्हणजे कॅस्पेज ही विकरं, औषधानं रोखून पाहिली, आणि नव्या विषाणूचं उत्पन्न चांगलंच घटलं. विषाणूचे नवे आरएनए तुकडे केंद्रकातच अडकून पडले होते. कात्री चालू झाली की केंद्रकाच्या भिंतीतली दारं सैल होतात आणि विषाणूचा माल बाहेर पडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पेशीच्या मरणाचा विषाणू वापर करून घेतो.

कारखान्यातल्या माणसाला या मरणाचा खरा त्रास होतो तो नंतर. मेलेल्या पेशीतून डीएनए आणि प्रथिनं द्रवात सांडतात, आणि लसीत ती नको असतात. एमडीसीके ही अमर झालेली पेशीरेषा. तिच्या काही उपजाती प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत गाठी करतात हे ठाऊक होतं, म्हणून २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीत यावर सविस्तर चर्चा झाली. अखंड पेशी लसीत जाऊच नयेत यासाठी गाळण्याचे टप्पे, बीटा-प्रोपिओलॅक्टोननं विषाणू निकामी करताना डीएनएचेही होणारे तुकडे, आणि दर डोसामागे उरलेल्या डीएनएला घातलेली दहा नॅनोग्रॅमची मर्यादा, अशा तटबंदीवर परवानगी मिळाली. पेशी जितकी उशिरा आणि जितकी अखंड मरेल तितकं शुद्धीकरण सोपं होतं. मरण लांबवण्याचा काही उपयोग असेलच तर तो इथे आहे.

मग लगाम कुठे आहे? माझ्या मते उत्तराचा मोठा भाग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच सापडला होता. डेन्मार्कचे प्रेबेन फॉन माग्नुस यांना दिसलं होतं की फ्लूचा दाट विषाणू अंड्यांतून पुन्हा पुन्हा फिरवला की त्याची लागण करण्याची ताकद घटत जाते, कणांची संख्या मात्र तितकी घटत नाही. कारण काही कणांतले आरएनए तुकडे अर्धवट असतात, विशेषतः पॉलिमरेज बनवणारे तीन लांब तुकडे. मधला भाग गळून फक्त दोन टोकं उरतात. असा आखूड तुकडा लांब तुकड्यापेक्षा लवकर नकलून होतो, म्हणून पुढच्या फेरीत त्याचीच गर्दी वाढते. एकट्यानं त्याला काही करता येत नाही, पण अखंड विषाणू शेजारी असला की तो त्याच्या खर्चानं वाढतो आणि त्याचं उत्पन्न पाडतो. यांना सदोष व्यत्ययी कण म्हणता येईल.

म्हणूनच टाकीत लागण करताना हात आखडता घ्यावा लागतो. शेकडो किंवा हजार पेशींमागे एक विषाणू टाकला तर सदोष आणि अखंड कण एकाच पेशीत शिरण्याची शक्यता कमी राहते. बीजविषाणू भरपूर आहे म्हणून सढळ हातानं ओतला तर पीक वाढण्याऐवजी घटू शकतं. २०१३ साली माग्देबुर्गच्या टिमो फ्रेन्झिंग आणि सहकाऱ्यांनी हे फार सुंदर रीतीनं उघड केलं. त्यांनी दोन टाक्या जोडल्या: पहिलीत बदकाच्या पेशी वाढत राहायच्या, तिथून त्या दुसरीत जायच्या आणि तिथे त्यांना सतत लागण होत राहायची. अखंड चालणारा लसीचा कारखाना, अशी कल्पना. सतरा दिवस तो चालला, पण विषाणूचं प्रमाण लाटांसारखं वर-खाली होत राहिलं. सदोष कण वाढले की उत्पन्न कोसळायचं, अखंड विषाणू कमी झाल्यावर सदोष कणही आधाराविना घटायचे, मग पुन्हा अखंड विषाणू डोकं वर काढायचा. निदान या रूपात तरी अखंड उत्पादन फ्लूला मानवत नाही.

विषाणूच्या गबाळेपणाचा दुसरा पुरावा एकेका पेशीकडे पाहिल्यावर मिळतो. टाकीभर पेशींची सरासरी काढली की सगळं गुळगुळीत दिसतं. २०१५ साली श्टेफान हेल्ट आणि सहकाऱ्यांनी एमडीसीके पेशी सुट्या सुट्या ठेवून, सारख्याच परिस्थितीत लागण करून, प्रत्येकीचं उत्पन्न मोजलं. कुठे एकच जिवंत कण निघाला, कुठे ९७०. पेशींमधला फरक याला थोडा कारणीभूत असेल, पण विषाणूचे आठही तुकडे केंद्रकात पोचून कामाला लागतात की नाही, पहिल्या काही रेणूंची गाठभेट कधी पडते, यात नशिबाचा भाग मोठा आहे. बहुतेक पेशी आपल्या कुवतीच्या कितीतरी खाली काम करून मरतात.

कापणीच्या वेळेचा मुद्दाही इथेच येतो. टाकीतल्या विषाणूचं माप दोन तऱ्हांनी काढतात. एक, किती कण जिवंत, म्हणजे लागण करू शकणारे. दुसरं, कोंबडीच्या लाल रक्तपेशी एकत्र चिकटवणारे एकूण कण किती. ही युक्ती जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ साली शोधली आणि आजही ती रोज वापरात आहे. जिवंत कणांचा आकडा लवकर शिखर गाठतो आणि लवकरच घसरतो, कारण ३७ अंशांवर विषाणू टिकत नाही. एकूण कणांचा आकडा त्यानंतरही काही काळ चढत राहतो आणि मग स्थिरावतो. निकामी विषाणूची लस बनवणाऱ्याला एचए हवं असतं, दर डोसामागे एका उपप्रकाराचं १५ मायक्रोग्रॅम, त्यामुळे थांबणं त्याला परवडतं. जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, नाकात फवारायची लस बनवणाऱ्याला मात्र आधीच कापणी करावी लागते. त्यामुळे उत्पन्न किती, या प्रश्नाचं उत्तर आपण कोणती लस बनवतो त्यावर ठरतं.

एमडीसीकेचे प्रतिस्पर्धी थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यापैकी कोणी मैदान मारलेलं नाही. जपानमध्ये १९६२ साली आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या व्हेरो पेशी पोलिओपासून रेबीजपर्यंत अनेक लसींत मुरलेल्या आहेत. हैदराबादची कोव्हॅक्सिनही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत वेगळा केलेला विषाणू व्हेरो पेशींत वाढवूनच बनली. फ्लूला मात्र त्या जेमतेम दाद देतात, त्यांच्या सान्निध्यात ट्रिप्सिन लवकर निष्प्रभ होतं आणि पुन्हा पुन्हा घालावं लागतं. तरी बॅक्स्टर कंपनीनं २००९ च्या साथीत व्हेरो पेशींतून सेल्व्हापान ही लस काढली होती. मानवी पेशींची पीईआर.सी६ आणि बदकाच्या गर्भपेशींची ईबी६६ यांचाही बोलबाला झाला. ईबी६६ मधून बनलेल्या एच५एन१ लसीला जपानमध्ये २०१४ साली परवानगी मिळाली.

पेशी विषाणूला घडवतात, हा या विषयाचा दुसरा पैलू. उत्पन्नाच्या चर्चेत तो मागे पडतो, पण लस घेणाऱ्याच्या दृष्टीनं तोच मोठा असू शकतो. अंड्यातल्या पेशींवरचं सायलिक आम्ल पक्ष्यांच्या पद्धतीनं जोडलेलं असतं, माणसाच्या घशातलं निराळ्या पद्धतीनं. माणसाचा विषाणू अंड्यात वाढवायचा तर त्याला एचएमध्ये बदल करून घ्यावे लागतात, आणि हे बदल नेमके तिथे पडतात जिथे आपली प्रतिपिंडं चिकटतात. २०१६-१७ च्या एच३एन२ लसीत असंच झालं: माणसांत फिरणाऱ्या विषाणूच्या एचएवर साखरेची एक नवी साखळी आली होती, अंड्यात वाढताना ती गळून पडली. लस घेतलेल्यांच्या शरीरानं मग चुकीच्या चेहऱ्याची ओळख पटवून घेतली. एमडीसीकेवर दोन्ही पद्धतींचं सायलिक आम्ल असल्यानं हा दबाव कमी असतो. पण तिथेही अलीकडचे एच३एन२ विषाणू न्युरामिनिडेज या दुसऱ्या प्रथिनात बदल करून घेताना दिसले. म्हणून माणसासारखं सायलिक आम्ल जास्त असलेली एमडीसीके-सिएट१ ही सुधारित पेशी २००३ साली तयार झाली, आणि २०१९ मध्ये जपानच्या योशिहिरो कावाओका यांच्या गटानं त्याहून पुढे जाऊन एचसीके पेशी आणल्या.

यातली एक विसंगती बरीच वर्षं कोणाच्या नजरेत भरली नाही. पेशींत बनणाऱ्या लसीचा बीजविषाणूच अंड्यात वेगळा केलेला असे. म्हणजे बदल आधीच होऊन गेलेले, मग पुढचं उत्पादन पेशींत करून उपयोग काय? अमेरिकेत २०१६ साली पेशींतच वेगळ्या केलेल्या बीजाला मुभा मिळाली, २०१७-१८ च्या हंगामात एच३एन२चं बीज तसं आलं, आणि २०१९-२० मध्ये चारही विषाणू प्रथमच अंड्याला न शिवता लसीपर्यंत पोचले. परिणाम? २०१७-१८ च्या हंगामात अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरील लाखो विमाधारकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पेशी-लस अंडं-लसीपेक्षा रुग्णालयात जावं लागण्यापासून सुमारे दहा टक्के जास्त वाचवते असं दिसलं. फायदा आहे, पण लसीच्या जाहिराती वाचून वाटावा तेवढा नाही.

वेगाच्या दाव्याबाबत मी याहून साशंक आहे. पुण्यातल्या वाचकांना २००९ चा ऑगस्ट सांगायला नको. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, शाळा बंद झाल्या, तोंडावर रुमाल बांधून शहर हिंडू लागलं. लस आली ती पुढच्या वर्षी. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नेझोव्हॅक ही नाकातली लस जुलै २०१० मध्ये आली, आणि १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ संपल्याचं जाहीर केलं. नेझोव्हॅक अंड्यांत बनते. त्याच वर्षी भारत बायोटेकची एचएनव्हॅक आली, ती एमडीसीके पेशींत बनलेली. पेशींमुळे ती अंडं-लसीच्या आधी आली असं झालं नाही. युरोपातही व्हेरोतली सेल्व्हापान अंड्यांतल्या लसींनंतरच मंजूर झाली. बीजविषाणू नीट वाढतो की नाही, एचए मोजायची रसायनं कधी मिळतात, चाचण्या, मंजुरी, कुप्या भरणं, हा सारा वेळ पेशी वाचवू शकत नाही. पेशी वाचवते ती अंड्यांची वाट पाहणं आणि अंड्यात होणारे बदल. आपल्याकडे कमी दरात अंडं-लस बनवणारे कारखाने आधीपासून चालू असताना दुसरा महागडा मार्ग उभारावा की नाही, याचा निर्णय याच दोन फायद्यांवर तोलून व्हायला हवा.

माग्देबुर्गमध्ये मात्र काम वेगळ्याच दिशेला वळलं आहे. जे सदोष कण उत्पन्न खातात, त्यांनाच औषध म्हणून वाढवायचं. एकेकट्या पेशींच्या प्रयोगांत त्यांना ओपी७ नावाचा एक कण सापडला, ज्याच्या सातव्या तुकड्यात नेहमीसारखी गळती नसून अनेक बदल आहेत आणि जो अखंड विषाणूला जोरात दाबतो. डीआय२४४ नावाच्या दुसऱ्या कणाचा पीबी२ तुकडा अर्धवट आहे. तो वाढवायला एरवी अखंड विषाणूची सोबत लागते, म्हणून पीबी२ प्रथिन स्वतःच बनवून पुरवणाऱ्या एमडीसीके पेशी तयार केल्या आहेत. त्या पेशींत डीआय२४४ अखंड विषाणूवाचून वाढतो, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत अशा कणांनी एरवी जीव घेणाऱ्या मात्रेतल्या फ्लूपासून संरक्षण दिलं आहे.